ओळखा पाहू गाणं : घरात बसून पाहायची रीत

(श्रावणातल्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या भाषणाचा विषय फलकावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला अडवून विचारलं, "टीव्ही कसा पाहायचा हे सांगायला भाषण कशाला हवं? बटण दाबायचं आणि बसायचं." त्यांचं म्हणणं बातम्यांना लागू आहे, मालिकांनाही लागू आहे. मालिका तर पाठ करून बसलं, भाजी निवडत बसलं तरी कळते. पण गाणं ओळखायच्या कार्यक्रमाचं तसं नाही. तो नुसता पाहिला तर दुसऱ्यांनी खेळलेला खेळ आपण पाहिला, इतकंच होतं. तो घरात खेळावा लागतो. आम्ही चार घरं गेली काही वर्षं शनिवारी रात्री आळीपाळीने एकमेकांकडे जमतो आणि हे कार्यक्रम पाहतो. त्यात आम्हाला जे सुचलं, जे फसलं, आणि गेल्या गणेशोत्सवात जी आमची फजिती झाली, ते सांगायला आज उभे आहोत.

सुरुवात भेंड्यांपासून करायला हवी. आपल्यापैकी बहुतेकांचं मूळ गाव कुठेही असो, लहानपणी कधी ना कधी आपण ताप्तीच्या लाइनने प्रवास केलेला आहे. उधन्याहून गाडी वळली की कोणीतरी भेंड्या सुरू करायचं. नंदुरबार येईपर्यंत सगळा डबा दोन गटांत वाटला जायचा. 'ण' आला की 'न' घ्यायचा, 'ळ' आला की भांडण. भेंड्यांत ज्याला गाणी येतात तो जिंकतो आणि ज्याला येत नाहीत तो टाळ्या वाजवतो. गाणं ओळखण्याचा खेळ याहून दयाळू. इथे गाणं आठवून काढावं लागत नाही. ते कानावर येतं आणि आपण फक्त "अरे, हे तर ते!" म्हणायचं असतं. ज्याचा गळा बसका, ज्याला दोन ओळींपुढे शब्द येत नाहीत, तोही खेळू शकतो. घरातलं आठ वर्षांचं पोर आणि ऐंशी वर्षांची आजी एका बाजूने खेळतील असे खेळ किती आहेत? पत्ते सोडले तर आम्हाला दुसरा आठवत नाही.

हा खेळ आपल्याकडे टीव्हीच्या आधीचा आहे. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ती सुरुवातीला एक स्पर्धाच होती. सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्र पाठवायचं. लोकप्रियतेची उतरंड नंतर आली. गंमत अशी की त्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला आडकाठी होती आणि ती घालणारे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपलेच, मराठी. त्यांनी दार लावलं म्हणून लोक बुधवारी रात्री सिलोनच्या खिडकीशी जाऊन बसले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, पण तोवर सवय लागून गेली होती. अमेरिकेत त्याच १९५२ साली रेडिओवर 'नेम दॅट ट्यून' सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो टीव्हीवर गेला. पुढे त्यात एक फेरी अशी आली की स्पर्धक लिलावासारखी बोली लावायचे: मी सात सुरांत ओळखीन, दुसरा म्हणे मी पाचात. ही बोलीची फेरी आम्ही घरी उचलली आहे. तिच्याविषयी पुढे सांगतो.

आपल्या घरांत मात्र हे सगळं खऱ्या अर्थाने आलं ते केबलबरोबर. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि १९९३ पासून 'अंताक्षरी'. अन्नू कपूर आणि पहिल्यांदा दुर्गा जसराज, मग रेणुका शहाणे, राजेश्वरी सचदेव, पल्लवी जोशी. दीवाने, परवाने आणि मस्ताने हे तीन गट. इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही ही तीन नावं झोपेतून उठवून विचारा. केबलची वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर जायची. गल्लीत ज्याच्याकडे कनेक्शन त्याच्याकडे चपलांचा ढीग. त्यात भेंड्यांच्या फेऱ्या असत, पण लोक खरे सरसावून बसत ते धून वाजली की. वादक नुसती चाल वाजवायचे आणि टीव्हीतल्या स्पर्धकाचा हात बझरवर जायच्या आत आपल्या खोलीतून तीन उत्तरं गेलेली असायची. त्यातलं एक गुजराती शेजाऱ्याचं, कारण हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर सगळ्यांचा सारखाच हक्क होता. मराठीतला असा खेळ म्हणजे दूरदर्शनवरचा 'ताक धिना धिन'. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आलं आणि सुरतेतल्या मराठी घराला बसल्या जागी रोजचं मराठी मिळू लागलं. त्यानंतर गाण्यांच्या स्पर्धा आल्या. 'सारेगमप'चे लिटिल चॅम्प्स तर आपण घरच्या मुलांसारखे जपले. पण त्या गाण्याच्या स्पर्धा. तिथे आपण परीक्षक होतो, खेळाडू नव्हे. अलीकडे स्टार प्रवाहवर सिद्धार्थ जाधव 'आता होऊ दे धिंगाणा' घेऊन आला, मालिकांतली मंडळी खेळायला लागली आणि घरात पुन्हा ओरडाआरडा सुरू झाला. त्यातल्या 'साडेमाडे शिंतोडे' या फेरीचं नाव आमच्या नातवंडांना इतकं आवडलं आहे की पाण्याचा पेला सांडला तरी तेच म्हणतात.

आता पाहायची रीत. आधी कार्यक्रम घरात यायला हवा. २०१९ मध्ये ट्रायचे नवे नियम आले आणि प्रत्येक वाहिनी किंवा गठ्ठा निवडून पैसे भरायची पद्धत सुरू झाली. त्या वेळी आपल्या कितीतरी घरांत तो फॉर्म मुलाने किंवा सुनेने भरला. इथले गठ्ठे साहजिकच गुजराती-हिंदीचे. मराठी वाहिन्या वेगळ्या मागाव्या लागतात आणि मागायचं कोणाला सुचलं नाही. आजी-आजोबांनी दोन-चार दिवस रिमोट दाबून पाहिला, "दिसत नाही हो" म्हणाले आणि गप्प बसले. आमच्या चारपैकी दोन घरांत हेच घडलं होतं आणि आम्हाला ते वर्षभराने कळलं. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा: केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला फोन करून कोणकोणत्या मराठी वाहिन्या चालू आहेत ते विचारा. महिन्याला फार पैसे लागत नाहीत. सह्याद्री तर दूरदर्शनची, तिला वेगळे पैसेच नाहीत.

दुसरी गोष्ट फोनची. हल्ली हे कार्यक्रम ॲपवर मिळतात, हवे तेव्हा मिळतात. म्हणून प्रत्येक जण आपापल्या खोलीत, कानात इअरफोन घालून पाहतो. या कार्यक्रमाचा याहून मोठा सत्यानाश नाही. उत्तर आलं तरी ते सांगायचं कोणाला? आणि तुकडे-तुकडे करून जे व्हिडिओ फिरतात त्यांत तर गाण्याचं नाव खालीच लिहिलेलं असतं. पण ॲपमध्ये एक फार मोठी सोय आहे, ती केबलला नव्हती. थांबवता येतं. घरातल्या कोणा मुलाकडून फोनवरचं चित्र मोठ्या टीव्हीवर घ्या आणि रिमोट घरातल्या सर्वांत शांत माणसाच्या हातात द्या. सुरुवातीचं म्युझिक वाजलं की थांबवायचं. आता खेळ आपला. टीव्हीतल्या मंडळींना जेवढा वेळ मिळतो त्याच्या दसपट वेळ आपल्याला आहे.

तिसरं म्हणजे पडद्यावरची खालची पट्टी. बऱ्याचदा प्रेक्षकांसाठी उत्तर खाली आधीच झळकतं. पूर्वी जाड टीव्ही होते तेव्हा एका घरात आजी वरून टॉवेल सोडायच्या. आताच्या पातळ टीव्हीवर टॉवेल राहत नाही. आम्ही उत्तरायणाचा उरलेला पतंग घेतो, मधोमध दुमडतो आणि सेलोटेपने खालच्या बाजूला चिकटवतो. सुरतेच्या घरात माळ्यावर पतंग नाही असं होत नाही. जानेवारीत चिकटवलेला पतंग आमच्याकडे दिवाळीपर्यंत टिकला आहे.

चौथी रीत आमच्या घरांतल्या बायकांनी घालून दिली. उत्तर सांगायचं नाही, म्हणायचं. म्हणजे गाण्याचं नाव, सिनेमाचं नाव, गायकाचं नाव, काही चालत नाही. पहिली ओळ चालीत म्हणून दाखवायची, बेसूर चालेल. याचं कारण आहे. नावं ऐकीव असतात. सिनेमाचं नाव सांगून गुण मिळवणारे पुरुष ओळ म्हणा म्हटलं की पाणी प्यायला उठतात. उलट ज्या काकूंना एकाही संगीतकाराचं नाव ठाऊक नाही त्यांना दोन कडवी पाठ निघतात. हा नियम केल्यावर आमच्याकडच्या गुणांचा फळा एका रात्रीत उलटा झाला.

पाचवी रीत उशिरा आलेल्या उत्तराची. वय झालं की गाणं विसरत नाही, पण ते वर यायला वेळ लागतो. आमच्यातल्या एक आजी, वय चौऱ्याऐंशी, धून वाजली की मान हलवतात, ओठ हलवतात आणि काही बोलत नाहीत. पोरं उत्तर देतात, सगळे पुढे जातात. एकदा कार्यक्रम संपला, पानं मांडली, आणि आमटी वाढता वाढता आजींनी मधलंच एक कडवं म्हटलं. कोणाला कळेना हे कुठून आलं. मग लक्षात आलं, ते तासाभरापूर्वीच्या तिसऱ्या गाण्याचं होतं. पोरांनी दिलेलं उत्तर चुकीचं होतं आणि टीव्हीवरच्या गोंधळात ते आमच्याही लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून नियम असा: पानं उचलेपर्यंत आलेलं उत्तर धरायचं. साठीच्या पुढच्या माणसाने ओठ हलवले की धाकट्यांनी दहा आकडे मोजायचे आणि मगच तोंड उघडायचं. पोरं पहिल्यांदा कुरकुरली. आता तीच हळू आवाजात मोजतात, आणि आठाच्या आसपास आजी बोलतात.

बोलीची फेरी घरी करायची तर पेटी हवी, किंवा मुलांचा कीबोर्ड. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी बोली लावायची. इथे गाणी निवडताना थोडं डोकं चालवावं लागतं. सिनेमाचं गाणं सुरुवातीच्या म्युझिकवरून चटकन ओळखू येतं. जुन्या भावगीताचं सुरुवातीचं म्युझिक छोटं असतं, पण बोलकं असतं. नाट्यपदाला तेही नसतं, तिथे गळ्यापासूनच सुरुवात, म्हणून एक-दोन सूर ऐकून सांगणारा तयारीचाच असतो. अभंगाचं विचारू नका. टाळ वाजला, सगळे अभंग सारखे. आरत्यांचंही तेच. झांजा आणि टाळ्या यांवरून कुठली आरती ते साक्षात गणपतीलाही सांगता यायचं नाही. म्हणून अभंगाची चाल मधल्या ओळीपासून वाजवावी आणि लावणीला ढोलकीचा तोडा आधी द्यावा. तीन सुरांत ओळखतो म्हणून बोली लावणारा तीन सुरांनंतर जो चेहरा करतो तो पाहण्यासारखा असतो. हे आम्ही अनुभवाने सांगतो, कारण तो चेहरा बहुतेकदा आमच्यापैकीच एकाचा होता.

इतपर्यंत सगळं मजेचं. आता फजितीचं सांगतो.

आमच्या शनिवारच्या बैठकांची ख्याती पसरली आणि गेल्या वर्षी मंडळाने सांगितलं की गणेशोत्सवात सभागृहात असाच कार्यक्रम बसवा. आम्ही हुरळलो. तिघा ज्येष्ठांनी बसून चाळीस गाण्यांची यादी केली. खरं सांगायचं तर ती यादी करताना आम्हाला जो आनंद झाला तो कार्यक्रमातही झाला नाही. एक कारण असं की २००६ च्या ऑगस्टात उकाईचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्यातल्या तीन घरांच्या सगळ्या कॅसेटी गेल्या. अडाजण, रांदेर, नानपुरा, कुठेही राहत असाल, ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर खोकी उघडली तर कॅसेटींच्या आत चिखल. त्या वर्षी वीस दिवसांतच, २७ ऑगस्टला, गणपती बसले. आपण ओल्या भिंतींच्या घरांत आरत्या म्हटल्या. मग टीव्ही नवा घेतला, फ्रिज नवा घेतला, गाद्या नव्या घेतल्या. कॅसेटी कोणी घेतल्या नाहीत, टेपरेकॉर्डरचे दिवसही सरले होते. त्या कॅसेटींतली गाणी आम्ही आठवून आठवून या यादीत घातली. भावगीतं, नाट्यपदं, गीतरामायण. यादी आमच्या दृष्टीने निर्दोष होती.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. पहिल्या दोन रांगांत आम्ही आणि आमच्या पिढीची मंडळी. मध्ये आमची मुलं-सुना-नातवंडं. मागे भिंतीला टेकून ती तरुण मुलं उभी होती ज्यांनी मांडव घातला, स्पीकर लावले, दहा दिवस मूर्तीपाशी रात्रीचा पहारा दिला. ही मुलं डिंडोलीची, उधन्याची, लिंबायतची. त्यांचे आजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मिलमध्ये, लूमवर कामाला आले. आतल्या बाजूला, स्वयंपाकघरात, त्यांच्याच घरच्या बायका प्रसादाचं पाहत होत्या.

पहिली अकरा गाणी झाली. अकराच्या अकरा उत्तरं पहिल्या दोन रांगांतून गेली. आमची नातवंडं मोबाइल काढून बसली. गुजराती शाळेत शिकलेल्या मुलांनी नाट्यपद ओळखावं कुठून? त्यांना नवरात्रातले गरबे पहिल्या ठेक्याला कळतात. मागची मुलं हाताची घडी घालून उभी होती. आम्हाला वाटलं, त्यांना गाण्याची आवड नसावी. असं आम्हाला वाटलं, हे आज सांगताना लाज वाटते.

बाराव्या गाण्याआधी कीबोर्डची वायर गेली. मागच्यांपैकी एक मुलगा ती जोडायला धावला. रिकामा वेळ म्हणून ढोलकीवाल्याने, तोही तिकडचाच, आपल्या मनाने एक ठेका धरला आणि तोंडाने चाल गुणगुणली. चार सूर झाले नसतील. मागची सगळी भिंत एका आवाजात गायला लागली. पाठोपाठ स्वयंपाकघरातून बायकांचा आवाज आला, एक जण तर झारा हातात घेऊन दारात उभी. मागे पहिल्यांदाच मुलं हसत होती. आणि पहिल्या दोन रांगांत आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो. हे कुठलं गाणं? कोणालाही येईना. ते कानबाईचं गाणं होतं, अहिराणीतलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर गाणी होतात. या शहरात इतकी वर्षं ती रात्र होते आहे आणि आम्हाला त्यातली एक चाल ओळखता आली नाही. झारा घेतलेल्या त्या बाईंनी अगदी सरळ मनाने विचारलं, "तुमले हाई गानं माहीत नही?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. आमच्या नियमाप्रमाणे पाहिलं तर उत्तर चालीत म्हणून दाखवलेलं होतं आणि चारच सुरांत ओळखलेलं होतं. सूत्रसंचालकाने मात्र काय केलं? "चला, वायर लागली, आपण पुढच्या गाण्याकडे वळू" म्हटलं. सूत्रसंचालक आमच्यापैकीच होता. त्या रात्री गुण कोणाला दिले नाहीत. बारावं गाणं वाजलं तेव्हा मागची भिंत रिकामी होती, मुलं खुर्च्या आवरायच्या कामाला लागली होती.

नंतर कार्यकारिणीत यावर बोलणं झालं आणि बोलणं बरंच तापलं. एका ज्येष्ठांचं म्हणणं असं की आपलं मंडळ मराठी संस्कृती टिकवण्यासाठी आहे. अहिराणी, गरबा, डीजेची गाणी सगळंच घ्यायचं तर मग उरलं काय? त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. गुजरातीच्या समुद्रात आपण दोन-तीन पिढ्या राहिलो आहोत. घरातली नाट्यपदं गेली तर ती पुन्हा कोणी आणून देणार नाही, हे त्यांचं भय आमचंही आहे. पण आम्ही त्यांना एक आठवण करून दिली. पहिल्या अकरा गाण्यांत बहिणाबाई चौधरींचं एक गाणं होतं आणि ते ओळखताना सगळ्यांत मोठ्याने तेच म्हणाले होते. बहिणाबाई आसोद्याच्या. आसोदे जळगावाजवळ, याच ताप्ती लाइनच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची बोली खानदेशातली. १९५२ मध्ये त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आचार्य अत्र्यांच्या पाठिंब्याने पुस्तक काढलं नसतं तर तीही गाणी घरातल्या जात्यापाशीच राहिली असती आणि पहिल्या रांगेला ती कधी कळली नसती. पुस्तकात आलं तर मराठी आणि स्वयंपाकघरात राहिलं तर 'तिकडचं', हा हिशेब आम्हाला जमेना. ज्येष्ठ काही बोलले नाहीत. त्यांना पटलं असं आम्ही म्हणत नाही. पण यंदाच्या यादीच्या समितीत ते आपणहून आले आहेत, आणि कानबाईची चाल त्यांनी फोनवर भरून घेतली आहे असं त्यांच्या सूनबाई सांगतात.

घरी आल्यावर आम्हाला आमच्या शनिवारच्या बैठकाही वेगळ्या दिसायला लागल्या. आम्ही चार घरं, पण चारही घरांत काम करणाऱ्या बायका खानदेशातल्या. शनिवारी रात्री टीव्हीवर गाणी चालू असताना त्या ओट्यापाशी भांडी घासत असायच्या. त्यांनी ओठ हलवले की नाही, आम्ही कधी वळून पाहिलं नव्हतं. आता एका घरी टीव्ही स्वयंपाकघरातून दिसेल असा फिरवला आहे. पहिल्या शनिवारी बाईंनी पदराने तोंड झाकून हसून घेतलं, दुसऱ्या शनिवारी एक लावणी दोन सुरांत सांगितली. आमच्या घरातल्या शास्त्रीय शिकलेल्या गृहस्थांची बोली सहा सुरांची होती.

यंदाचा कार्यक्रम गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवला आहे. या वेळी यादी तिघांची नाही. चाळीसपैकी वीस गाणी ज्येष्ठांची, दहा खानदेशी घरांनी दिलेली आणि दहा मुलांची. मुलांच्या दहात गरबे असतील, तक्रार करायची नाही. गट घरांप्रमाणे नाहीत. प्रत्येक गटात एक साठीच्या पुढचा, एक पंधराच्या आतला, एक पहिल्या रांगेतला आणि एक मागच्या भिंतीजवळचा, असे चार जण असतील, म्हणजे चाळीस गाणी एकट्या कोणाला ओळखता येणार नाहीत. स्वयंपाकघरातल्या भगिनींसाठी दारापाशी एक बझर ठेवतो आहोत. प्रसादाच्या वेळी तो वाजला तरी चालेल.

दोन अडचणी आहेत, त्या इथेच सांगतो. एक, ढोलकीवाल्याला कानबाईच्या गाण्यांची एकच चाल नीट येते. आणखी दोन-तीन चाली कोणाच्या आईला, आजीला येत असतील तर त्यांना कार्यक्रमाआधी एक संध्याकाळ तालमीला आणावं. रिक्षाचे पैसे मंडळ देईल. दोन, आपापल्या गाण्यांच्या चिठ्ठ्या टाकायला एक डबा केला आहे. त्यावर गाण्याची पहिली ओळ आणि आपल्या घरी हे गाणं कोण म्हणायचं एवढंच लिहा. अक्षर वाचता येईल असं काढा, गुजराती लिपीत लिहिलं तरी चालेल. डबा गौरी यायच्या आदल्या दिवशी रात्री आरतीनंतर उघडू. तो गणपतीपाशी ठेवला नाही, तिथे दक्षिणेच्या पेटीशी गल्लत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी, पाण्याच्या माठाशेजारी ठेवला आहे.